मरोद्याच्या आकाशातील काक्षी

आज १३ डिसेंबर. १९२० साली याच तारखेला कॅलिफोर्नियातील माउंट विल्सन वेधशाळेत फ्रान्सिस पीज यांनी काक्षीचा, म्हणजे बीटलज्यूजचा, कोनीय व्यास मोजला. मृग नक्षत्रातील हा तांबूस तारा. सूर्याखेरीज अन्य ताऱ्याचा व्यास अशा रीतीने मोजला जाण्याची ती पहिलीच वेळ होती. हा दिवस आला की मला माझी एक चूक आठवते. यंदा ती विद्यार्थी मित्रांना सांगावी असे वाटले.

मी भिलाईजवळच्या मरोद्यात वाढलो आणि याच परिसरात भौतिकशास्त्र शिकवत आलो. वडील गोंदियाकडून पोलाद कारखान्यात नोकरीसाठी आले, ते इथलेच झाले. लहानपणी रात्री दूरवर तप्त स्लॅग ओतला जाई आणि क्षितिज तांबडे होई. आम्हाला ते आकाश सुंदर वाटे. तारे मात्र त्यात मोजकेच दिसत. बाबा म्हणत, “लाली गेली म्हणजे लोखंड निवले असे समजू नये. डोळ्यांआधी गालाला विचारावे.” अवरक्त प्रारणाचा तो माझा पहिला पाठ होता, हे फार उशिरा कळले.

काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थ्याने मला विचारले होते, “सर, मला ताऱ्यांचा अभ्यास करायचा आहे. इथून करता येईल?” मी खिडकीबाहेरच्या उजेडाकडे बोट दाखवले आणि म्हणालो, “इथे मृगाचे तारे धड दिसत नाहीत. दुसरे काही पाहा.” त्याने दुसरे पाहिले. आज तो उत्तम अभियंता आहे. पण २०२० च्या फेब्रुवारीत त्याचा संदेश आला: “सर, काक्षी इतका मंद का झाला आहे? फुटणार का?” म्हणजे त्याने आकाश पाहणे सोडले नव्हते. मला उत्तर देता आले नाही. म्हणून मी वाचू लागलो.

पीज यांनी काय केले होते? ही पद्धत अल्बर्ट मायकेलसन यांची. १०० इंची दुर्बिणीच्या तोंडावर २० फुटी तुळई बसवून तिच्यावरील दोन आरशांनी एकाच ताऱ्याचा प्रकाश गोळा केला. दोन्ही प्रकाश एकत्र येताच व्यतिकरणाचे काळे-पांढरे पट्टे दिसतात. आरसे दूर सारत गेले, की ताऱ्याच्या आकारामुळे पट्टे फिकट होत जातात. आरशांत १२१ इंच, म्हणजे सुमारे तीन मीटर अंतर होताच काक्षीचे पट्टे नाहीसे झाले. त्यावरून व्यास निघाला ०.०४७ विकला. एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग.

आज हेच काम चिलीतील पारानाल येथे होते. तिथे ८.२ मीटर व्यासाच्या चार दुर्बिणी आहेत. त्यांच्यातील सर्वांत मोठे अंतर १३० मीटर. २.२ मायक्रॉन तरंगलांबीवर एकटी दुर्बीण ढोबळमानाने ५५ सहस्रांश विकलांपर्यंतचा तपशील ओळखते. १३० मीटर अंतरावरील जोडी साडेतीन सहस्रांशापर्यंत पोहोचते. नारायणगावजवळच्या खोडद परिसरातील ३० रेडिओ अँटेना याच तत्त्वावर चालतात. पण रेडिओ लहरींची विद्युत नोंद करून ती नंतर जुळवता येते. अवरक्त लहरींचे कंपन इतके जलद असते की प्रकाशालाच बोगद्यांतून आणून, सरकत्या आरशांनी दोन्ही मार्गांची लांबी मायक्रॉनच्या अंशापर्यंत जुळवून, प्रत्यक्ष भेटवावे लागते.

मग अवरक्तच का? कारणे तीन. ही लहर धुळीतून अधिक सहज पार होते. वातावरणाची थरथर तिला कमी बाधते. आणि ताऱ्याभोवतालची तप्त धूळ स्वतः याच प्रकाशात उजळते. नवजात ताऱ्याच्या अगदी जवळ, जिथे धूळ जेमतेम टिकते, तिथले तापमान १५०० केल्विनच्या आसपास असते. रेल मिलमध्ये लाटायला घेतलेला पोलादाचा ठोकळाही जवळपास इतकाच तापलेला असतो. दोघांचेही सर्वाधिक प्रारण दोन मायक्रॉनजवळ. बाबांच्या गालाला जे कळत होते, तेच पारानालची उपकरणे मोजतात.

काक्षीचे उत्तरही तिथूनच आले. पारानालच्या ग्रॅव्हिटी उपकरणाने मंदावण्याच्या आधी आणि मंदावलेला असताना त्याचा व्यास मोजला. दोन्ही वेळा तो सुमारे ४२ सहस्रांश विकला भरला. तारा आक्रसला नव्हता. पारानालच्याच दुसऱ्या एका उपकरणाने घेतलेल्या चित्रांत त्याचा दक्षिण भाग काळवंडलेला दिसला. २०२१ मध्ये संशोधकांनी निष्कर्ष मांडला: ताऱ्याने वायू फेकला, पृष्ठाचा काही भाग थंड झाला आणि त्या वायूत घनरूप झालेली धूळ आपल्या दृष्टिरेषेत आली.

आपल्याकडेही याच्या जवळचे काम झाले आहे. अबूच्या गुरुशिखरावर अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेची १.२ मीटरची अवरक्त दुर्बीण आहे. चंद्रबिंबाआड तारा जाताना त्याचा प्रकाश कसा विझतो हे मिलिसेकंदांच्या हिशेबाने नोंदवून तिथल्या संशोधकांनी ताऱ्यांचे व्यास काढले. मोठी साधने नसताना त्यांनी चंद्राची कडाच साधन म्हणून वापरली.

मी त्या विद्यार्थ्याला सविस्तर लिहिले आणि शेवटी हेही लिहिले, की तेव्हा मी चुकीचे उत्तर दिले होते. पारानालची बहुतेक निरीक्षणे साधारण वर्षभरानंतर सर्वांसाठी खुली होतात. ती वाचण्याची सॉफ्टवेअर विनामूल्य मिळतात. आकाश उजळलेले असले, तरी त्या कामाआड ते येत नाही.

गेल्या महिन्यात बारावीच्या एका मुलीने तोच प्रश्न विचारला. मी तिला म्हटले, “व्यास ४२ सहस्रांश, तरंगलांबी २.२ मायक्रॉन. पट्टे किती अंतरावर नाहीसे होतील?” तिने फळ्यावर गणित मांडले: सुमारे १३ मीटर. मग तिने वळून विचारले, “सर, खरे आकडे कुठे मिळतील?”

यंदा मी खिडकीकडे बोट दाखवले नाही. संगणक सुरू केला.