डाग ओळखणारी माणसं

टेक्सासमधल्या एका म्हाताऱ्या रँचरचं माझ्यावर ऋण आहे, आणि त्याच्यामुळे त्याच्या संघटनेचंही. म्हातारा आता हयात नाही.

सांगलीकडचा मी, गोचिडांवर संशोधन करायला टेक्सास ए अँड एम विद्यापीठात गेलो. काही जातींच्या गुरांच्या अंगावर गोचीड कमी का धरतात, हा माझा विषय होता. प्रयोगशाळा होती, शिष्यवृत्ती होती, जनावरं नव्हती. परमुलखातल्या अनोळखी पोराला आपल्या कळपात कोण शिरू देणार? बऱ्याच ठिकाणी फाटकावरूनच परत फिरावं लागलं. मग हा म्हातारा मला रँचरांच्या त्याच्या संघटनेच्या एका बैठकीला घेऊन गेला. उभा राहिला आणि म्हणाला, "हा पोरगा माझ्या जबाबदारीवर आहे." पुढच्या आठवड्यापासून फाटकं उघडायला लागली.

त्या एका वाक्याला एवढं वजन कुठून आलं, हे मला पुढे कळलं. फेब्रुवारी 1877 मध्ये उत्तर टेक्सासमधल्या ग्रॅहम या गावात सुमारे 40 रँचर एकत्र जमले होते. तेव्हा कुरणांना कुंपण नव्हतं. हजारो जनावरं मोकळी चरायची, एकाचा कळप दुसऱ्याच्या कळपात मिसळायचा, आणि जनावर कुणाचं हे फक्त अंगावरच्या डागावरून ठरायचं. चोर तापल्या सळईने डागाला एखादी रेघ जोडत आणि गुराचा मालकच बदलून टाकत. एकट्यादुकट्याने राखण करून हे थांबणारं नव्हतं. म्हणून त्यांनी ही संघटना काढली आणि ठरवलं, की शेजाऱ्याचं जनावर दिसलं तर ते आपलंच समजून सांभाळायचं आणि कळवायचं. जेम्स लव्हिंग सचिव झाले. पुढे बाजारांत आणि रेल्वेच्या ठाण्यांवर निरीक्षक उभे राहिले. 1893 मध्ये कचेरी फोर्ट वर्थला गेली आणि 1921 पासून तिचं नाव टेक्सास अँड साउथवेस्टर्न कॅटल रेझर्स असोसिएशन असं आहे. संघटनेच्या 'स्पेशल रेंजर'ना आजही सरकारी अधिकारपत्र मिळतं. गुरांच्या चोरीचा तपास ते करतात.

हे ऐकताना माझ्या डोळ्यांपुढे वडील होते. मी शाळेत असताना, बेंदराच्या तोंडावर, आमची खिलार जोडी गोठ्यातून चोरीला गेली. वडील सांगोल्याच्या बाजारात गेले, खरसुंडीच्या यात्रेत गेले, हेड्यांच्या हातापाया पडले. तक्रारीत 'दोन बैल, पांढरे' एवढीच नोंद झाली. पांढरे खिलार बैल त्या मुलखात घरोघरी! वडिलांना त्यांच्या कपाळावरचा भोवरा न् भोवरा पाठ होता, पण तो कागदावर कुठेच नव्हता. गोठा रिकामाच राहिला. पुन्हा बैल घ्यायचे म्हटलं की ते उठून बाहेर जायचे.

म्हाताऱ्याने मला जनावरांचा लिलाव दाखवायला नेलं. संघटनेचा निरीक्षक गुरं उतरवतात तिथे उभा होता. प्रत्येकाचा डाग, रंग, कानाची खूण, आणणाऱ्याचं नाव, गाडीचा क्रमांक असं सगळं तो लिहून घेत होता. दिवसभर तेच काम, चेहऱ्यावर कंटाळा नाही. त्याच हिवाळ्यात म्हाताऱ्याच्या शेजाऱ्याच्या चोरीला गेलेल्या कालवडी दोन काउंट्या पलीकडच्या बाजारात सापडल्या, त्या अशाच एका वहीमुळे. मी वडिलांना सविस्तर पत्र लिहिलं. त्यांचं उत्तर आलं, त्यात एकच प्रश्न होता: मालकी सिद्ध कशी करतात? म्हाताऱ्याने स्वतः कागदावर आपला डाग काढून दाखवला, तो काउंटीच्या कचेरीत कसा नोंदवतात, दर दहा वर्षांनी नोंद नवी कशी करतात, सगळं लिहिलं. मी ते मराठीत उतरवून पाठवलं.

त्या वर्षी वडिलांनी पुन्हा जोडी घेतली. आमच्याकडे डागण्याची रीत नाही, पण गावातल्या पोरांना बसवून त्यांनी वही केली. त्यात शिंगांची ठेवण, भोवरे, खूर, विकत घेतल्याची तारीख असं सगळं आलं. या ऋणाची मोजदाद मला करता येत नाही.

माझं घर वारकऱ्यांचं. तिथली गुरं मांसासाठी वाढवतात, हे माझ्या मनाला कधी पटलं नाही आणि मी ते म्हाताऱ्यापासून लपवलंही नाही. त्याने ऐकून घेतलं. संघटनांची काळी बाजूही त्यानेच सांगितली. वायोमिंगमधल्या बड्या गोपालकांनी 1892 मध्ये लहान शेतकऱ्यांवर चोरीचा ठपका ठेवून बंदूकवाले पाठवले आणि माणसं मारली. "ते बंदूकवाले आमच्या टेक्सासमधून नेले होते," हे सांगताना त्याचा आवाज चिरकला. राखणीसाठी जमलेल्यांच्या हाती सत्ता आली की ती कुणावर उगारली जाईल याचा नेम नसतो, हे मी त्याच्याकडून शिकलो.

त्याच्या कळपात करड्या रंगाचे ब्राह्मन वळू होते. मोठं वशिंड, गळ्याखाली लोंबणारी पोळी. गोचिडांतून पसरणाऱ्या तापामुळे टेक्सासच्या गुरांना उत्तरेत कुणी येऊ देत नसे. गोचीड हेच कारण, हे थिओबाल्ड स्मिथ आणि किलबोर्न यांनी 1893 मध्ये सिद्ध केलं. उष्णता आणि गोचीड सोसणारं रक्त हवं म्हणून तिकडच्या रँचरांनी हिंदुस्थानातून जनावरं नेली. 1906 मध्ये पिअर्स रँचकडे त्यातली 33 पोचली. गीर, कांक्रेज, ओंगोल आणि कृष्णा खोरे या जातींच्या रक्तातून हे ब्राह्मन उभे राहिले. मी कृष्णेच्या काठचा आहे हे कळल्यावर म्हातारा कितीतरी वेळ त्या नदीबद्दल विचारत राहिला. काळ्या मातीत नांगर ओढणारी ती जात आमच्याकडे आता शोधावी लागते, हे त्याला सांगताना मला फार जड गेलं.

2024 च्या फेब्रुवारीत टेक्सासच्या उत्तर टोकाला वणवा पेटला आणि दहा लाखांहून अधिक एकर जळालं. म्हाताऱ्याचा नातू गवताचे गठ्ठे घेऊन तिकडे गेला होता. फोनवर म्हणाला, कुंपणं जळून गेलीत, सगळ्यांचे कळप एकमेकांत मिसळलेत, डाग पाहून निवडायचं काम चाललंय. संघटनेने मदतनिधी उघडला होता. मी पैसे पाठवले आणि पावती वडिलांच्या नावाने मागितली.