बुधवारात एक शनिवार

‘शनिवारी बुधवारात जातोय’ असं ऑफिसात नुसतं म्हणून बघा. क्युबिकलच्या वरून चार माना डोकावतात, एक जण खोकतो, एक जण डोळा मारतो. हा विनोद पुण्यात इतका जुना झालाय की आता त्याला पेन्शन लागू करायला हरकत नाही. बुधवार पेठेत तशी वस्ती आहे, खरं आहे. तिथल्या बायका आपल्या टाइमपाससाठी तिथे राहत नाहीत, हेही तितकंच खरं. पण त्याच पेठेत दगडूशेठ आहे, तांबडी जोगेश्वरी आहे, तुळशीबाग आहे, आणि आहे तपकीर गल्ली! माझं काम होतं तिथे. मला गेमिंग पीसी घ्यायचा होता. आयुष्यातला पहिला, स्वतःच्या पैशांचा, एकेक पार्ट निवडून जोडलेला.

बजेट पासष्ट हजार, मॉनिटरसकट. फ्लॅटचा हप्ता पाच तारखेला जातो, त्यामुळे वर एक रुपयाही नाही, असा बायकोशी करार झालेला. आणि सोबत बाबा. मी बोलावलं नव्हतं, पण ‘कॉम्प्युटर आणायला बुधवारात’ एवढं ऐकल्यावर ते चपला घालून दारात उभे होते.

ही गोष्ट २०२५ च्या ऑगस्टमधली. पिंपरीहून मेट्रोत बसलो आणि थेट मंडईला जमिनीखालून वर आलो. सप्टेंबर २०२४ मध्ये हा भुयारी मार्ग सुरू झाल्यापासून पेठेत येणं फारच सोपं झालंय, नाहीतर गाडी लावायची कुठे या प्रश्नावरच निम्मा उत्साह संपायचा. (गंमत बघा, आर्यन आणि मिनर्व्हा ही जुन्या थेटरांची नावं मंडईपाशी आता पार्किंगला उरलीत.) रामेश्वर चौक, बेलबाग, पुढे दगडूशेठ. बाबांनी रस्त्यावरूनच हात जोडले आणि आम्ही गर्दीतून आत वळलो.

औरंगजेब १७०३ च्या सुमारास पुण्यात मुक्कामाला होता तेव्हा त्याने ही पेठ वसवली आणि तिचं नाव ठेवलं मुहियाबाद. ते पुसून बुधवार झालं. तपकिरीच्या दुकानांवरून नाव पडलेल्या गल्लीतही आता तपकीर औषधालाही नाही. आहेत त्या वायरी, दिवे, पंखे, स्पीकर, सीसीटीव्ही, मोबाइलची कव्हरं. इंजिनिअरिंगच्या पोरांचे प्रोजेक्ट इथल्या रुपया-दोन रुपयांच्या रेझिस्टरवर उभे राहतात. मुंबईला लॅमिंग्टन रोड, दिल्लीला नेहरू प्लेस, बंगळुरूला एसपी रोड, तशी आपली ही गल्ली. फक्त रुंदीला हातगाडी आणि ॲक्टिव्हा एका वेळी जेमतेम जाईल इतकीच.

मी इथे पहिल्यांदा आलो २००३ मध्ये, आठ वर्षांचा असताना. ताईला इंजिनिअरिंगला ॲडमिशन मिळाली होती आणि बाबांनी सोसायटीचं कर्ज काढून असेंबल्ड कॉम्प्युटर घेतला होता. सेलेरॉन प्रोसेसर, १२८ एमबी रॅम, ४० जीबी हार्ड डिस्क, पंधरा इंची गरगरीत मॉनिटर. दुकानदाराने विचारलं होतं, ‘काका, ग्राफिक्स कार्ड टाकू का? साडेतीन हजार वाढतील. मुलगा गेम खेळेल.’ बाबा म्हणाले होते, ‘नको. मुलीला अभ्यासाला हवाय.’ तेवढं एक वाक्य मला शब्दन् शब्द आठवतं. पुढे मित्राने व्हाइस सिटीची सीडी दिली, तर आमच्याकडे ती गाडी रस्त्यावर पळायची नाही, रांगायची!

असो. पहिल्या दुकानात शिरलो आणि पहिला गळ आला. ‘सर, आय-सेव्हन गेमिंग पीसी, सोळा जीबी रॅम, चार जीबी ग्राफिक्स, बावीस हजार फक्त.’ आत निळे-जांभळे दिवे, काचेतून नुसती दिवाळी. मी मॉडेल नंबर विचारला, तेव्हा आवाज जरा खाली आला. आय-सेव्हन होता, पण तिसऱ्या पिढीचा, म्हणजे २०१२ चा. ग्राफिक्स होतं जीटी ७३०, २०१४ चं. मंडळी, ‘आय-सेव्हन’ हे आडनाव आहे, माणूस कोण ते पुढच्या आकड्यांवरून कळतं. असल्या जुन्या प्रोसेसरवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही, आणि विंडोज १० चा नियमित सपोर्ट मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला. कार्डावरच्या ‘चार जीबी’लाही भुलू नका. मेमरी म्हणजे गोदाम. आत काम करणारे हात मोजकेच असतील तर गोदाम मोठं असून करायचं काय?

तिसऱ्या दुकानात मन बसलं. काउंटरमागे चाळिशीचा एक गृहस्थ, मागे माळ्यावर खोक्यांचा डोंगर, आणि पहिलाच प्रश्न, ‘कुठल्या गेम खेळणार, आणि मॉनिटर कुठला?’ बजेट किती, हे त्याने नंतर विचारलं. मला वाटतं दुकान निवडायची एवढी एकच परीक्षा पुरे.

कारण सगळा फंडा तिथूनच सुरू होतो. फुल एचडी मॉनिटरवर खेळायचं असेल तर ग्राफिक्स कार्डाची एक पातळी पुरते, त्याहून महाग घेऊन पैसे फक्त जळतात. मी घरून यादी करून नेली होती आणि आदल्या रात्री प्रत्येक पार्टचा ऑनलाइन भाव समोर लिहिला होता. त्याने यादी वाचली आणि पेन काढलं. रायझन ५ ५६०० प्रोसेसर, दहा हजार. बी ५५० चिपसेटचा मदरबोर्ड, साडेआठ. आठ-आठ जीबीच्या दोन रॅम, बेचाळीसशे. सोळाची एकच का नको? कारण दोन पट्ट्या जोडीने चालतात तेव्हा प्रोसेसरला डेटा दोन दारांनी मिळतो. आरएक्स ६६०० ग्राफिक्स कार्ड, एकवीस हजार.

एकवीस ऐकल्यावर बाबांनी चष्मा काढून पुसला. ‘हे नसलं तर चालत नाही का?’

चालतं, असं दुकानदारच म्हणाला. ५६०० जी घ्या, त्याच्या पोटातच ग्राफिक्स असतं, कार्ड वर्षभराने घाला. हा सल्ला वाईट नाही. ज्यांचं बजेट तीस-पस्तीसच आहे त्यांनी हाच रस्ता धरावा. पण ५६०० जीमध्ये कॅशे मेमरी ५६०० च्या निम्मी असते, म्हणजे पुढे कार्ड घातल्यावरही थोडं मागेच राहणार. शिवाय ‘वर्षभराने’ हा शब्द मी ओळखून आहे, तो आमच्या घरी बावीस वर्षं टिकला होता! मी मान हलवली. मॉनिटर सोडून बाकीच्या पैशांतले चाळीसेक टक्के एकट्या कार्डात जातात, गेमिंग पीसी म्हणजे हेच.

सेकंड हँड कार्ड घेऊ का, असंही मनात आलं. २०२१ च्या आसपास क्रिप्टोवाल्यांनी बाजारातली कार्डं उचलली होती. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमचं मायनिंग बंद झालं आणि तीच कार्डं धुऊन-पुसून विकायला आली. त्यातली कितीतरी आजही ठणठणीत चालतात. पण ज्याला उघडून तपासता येतं त्याने तो जुगार खेळावा. मला येत नाही.

एसएसडी ५०० जीबीची, बत्तीसशे. इथे मी काटकसर केली, कारण हल्लीचे मोठे गेम एकेक शंभर जीबीच्या पुढे जात असले तरी मी एका वेळी दोनच खेळतो, आणि दुसरी एसएसडी नंतर लावता येते. कॅबिनेट तीन हजार, चोवीस इंची १६५ हर्ट्झचा मॉनिटर साडेनऊ, कीबोर्ड-माउस बाराशे, जोडणावळ पाचशे. बेरीज झाली एकसष्ट हजार शंभर, आणि एसएमपीएस राहिला होता. यादीत होता तो ५५० वॉटचा, ब्राँझ दर्जाचा, चार हजारांचा. एकूण पासष्ट हजार शंभर.

वर गेले शंभर. आणि मला एकदम दिसायला लागलं की इथेच वाचवता येईल. शेजारी काउंटरवर सातशेचा एसएमपीएस होता, त्यावरही ठळक ५०० वॉट लिहिलेलं. पाचशे काय नि साडेपाचशे काय! वाचलेल्या तेहतीसशेत वायरलेस हेडफोन येईल. दुकानदार म्हणाला, ‘मी देईन, पण सांगणार नाही.’

बाबा भोसरीच्या एमआयडीसीत तीस वर्षं मेंटेनन्सला होते. कोअर, थ्रेड, कॅशे यातलं त्यांना काही कळत नाही. त्यांनी काउंटरवरचे दोन्ही एसएमपीएस उचलले, दोन हातांत धरले आणि तोलून बघितले. मग सातशेवाला माझ्या हातात दिला. रिकाम्या बिस्किटाच्या डब्यासारखा हलका!

‘ह्यात तांबं कुठाय?’ ते म्हणाले. ‘कॅपॅसिटर तरी केवढे असतील? स्टिकरवर काय, मीही हजार वॉट लिहून देतो. हा गेला तर एकटा जाणार नाही, तुझे एकवीस हजार घेऊन जाईल.’

दुकानदाराने माझ्याकडे बघितलं आणि एसएमपीएसचं चार हजारांचं खोकं हसत हसत बिलाच्या गठ्ठ्यावर ठेवलं. तो नंतर म्हणाला की रिपेअरला येणाऱ्या पीसींमध्ये त्याचा पहिला संशय यावरच असतो. प्रोसेसर ६५ वॉटचा, कार्ड १३२ वॉटचं, म्हणजे ओझं फार नाही. पण लोड अचानक वाढला किंवा शॉर्ट झालं तर बरा एसएमपीएस स्वतःला बंद करतो, स्वस्तातल्या अनेकांत तेवढी अक्कलच घातलेली नसते.

घासाघीस बाबांनीच केली. ‘राउंड फिगर करा’ म्हणत शंभर रुपये सोडवले, आणि पासष्टला पासष्ट झाले. बिलाशिवाय आणखी कमी होईल, असा विषय निघाला तेव्हा मात्र ते ताठ झाले. ‘पक्कं बिल. सीरियल नंबर टाकून.’ कच्च्या चिठ्ठीवर दीड-दोन हजार सुटतात आणि प्रोसेसर, बोर्ड, कार्ड यांची तीन-तीन वर्षांची वॉरंटी लटकते. प्रोसेसर सीलबंद खोक्यातलाच घ्या. ट्रेमधला सुटा स्वस्त पडतो, पण त्याला कंपनी बहुतेक वेळा विचारत नाही, दुकानदाराच्या शब्दावर राहावं लागतं.

जोडायला दोन तास लागणार होते. आम्ही तुळशीबागेत जाऊन मिसळ खाल्ली, बाबांनी आईसाठी गाळणी घेतली. परत आलो तर दुकानातला पोरगा प्रोसेसरवर पंखा बसवत होता. मी स्टूल ओढून शेवटपर्यंत बघत बसलो, तुम्हीही बसा. डिस्प्ले आला, बायोसमध्ये जाऊन त्याने रॅमचं एक्सएमपी चालू करून दाखवलं (ते केलं नाही तर ३२०० ची रॅम मुकाट्याने कमी वेगाने चालत राहते). ‘विंडोज टाकून देऊ?’ असं विचारलं, मी लायसन्सबद्दल विचारल्यावर हसला. विंडोज मी घरीच टाकलं.

किंवा टाकणार होतो! घरी टॅक्सीतून खोकी उतरवली, टेबल पुसलं, केबल लावल्या, बटण दाबलं. पंखे फिरले, दिवे लागले, स्क्रीन काळी ठिक्कर. पुन्हा दाबलं, तेच. बायको दारात हाताची घडी घालून उभी. पासष्ट हजार डोळ्यांसमोरून गेले. दुकानदाराला फोन लावला. तो शांतपणे म्हणाला, ‘सर, मॉनिटरची केबल कुठे लावलीय? वर की खाली?’

वर. म्हणजे मदरबोर्डला. ५६०० च्या पोटात ग्राफिक्स नसतं, हे दुपारी मीच बाबांना समजावून सांगितलं होतं. केबल खाली, कार्डाला लावली. डिस्प्ले आला.

हीच यादी घेऊन २०२६ च्या जानेवारीत ऑफिसातला एक जण त्याच दुकानात गेला आणि तोंड लांब करून आला. बेचाळीसशेची रॅम अडीच-तीन पटीवर गेलेली. एआयच्या डेटा सेंटरना मेमरी इतकी लागतेय की चिप कंपन्या आधी त्यांना पुरवतात. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये आपला ‘क्रूशल’ हा ग्राहकांसाठीचा ब्रँडच गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. मी त्याला सांगितलं, दिव्यांचं कॅबिनेट सोड, मदरबोर्ड एक पायरी खाली आण, रॅम हवी तर ओळखीच्या दुकानातून वापरलेली घे, ती सहसा दगा देत नाही. एसएमपीएसला हात लावू नको. आणि जमलं तर वडिलांना घेऊन जा.

आमच्याकडे पुढच्या गुरुवारी, लाइट जायच्या नेमक्या दिवशी, मी मिशनच्या शेवटच्या टप्प्यात असताना सगळं एकदम अंधारलं. बाहेरच्या खोलीतून बाबांचा आवाज आला, ‘यूपीएस नाही घेतलास ना? चल, शनिवारी जाऊ परत बुधवारात.’