वजीर न झालेलं प्यादं

आपल्या प्याद्यापुढे त्याच्या पट्टीवर किंवा शेजारच्या पट्ट्यांवर प्रतिस्पर्ध्याचं एकही प्यादं उरलं नाही की आम्ही त्याला ‘पास्ड पॉन’ म्हणतो. असं प्यादं हाती लागलं की शिकणाऱ्या मुलाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘सर, पळवू?’ कॉम्प्युटरही मोठा आकडा दाखवत असतो, म्हणजे डाव खिशातच. जिंकत आलेले किती तरी डाव याच ठिकाणी बरोबरीत सुटतात.

पळवायची वेळ कधी असते, याचा हिशोब सोपा आहे. पटावर फक्त राजे आणि प्यादी असतील आणि प्यादं ए४ वर असेल, तर ए४, ए८, ई८, ई४ असा चौकोन मनात आखायचा. आपली चाल असताना काळा राजा पुढच्या खेळीतही त्या चौकोनात शिरू शकत नसेल, तर प्यादं बेधडक पळवावं. हत्ती पटावर असले की प्रकरण वेगळं. प्यादं ए७ वर, त्याच्यापुढे ए८ वर आपलाच हत्ती, मागून ए-पट्टीवर काळ्याचा हत्ती आणि काळा राजा जी७ वर. आपला राजा मदतीला गेला की मागून शह सुरू होतात आणि लपायला जागा नसते. एक प्यादं जास्त असूनही जिंकता येत नाही. म्हणून आपला हत्ती प्याद्याच्या मागे हवा, असं बुद्धिबळपटू टारॅशने सांगून ठेवलं आहे.

मागे हत्ती ठेवून नेमकं काय साधायचं, हे मला 1927 च्या ब्युनोस आयर्सच्या जगज्जेतेपदाच्या सामन्यातला चौतिसावा डाव शिकवतो. अलेखाइन विरुद्ध कापाब्लांका. सहा विजय आधी मिळवेल तो जगज्जेता, बरोबरी मोजायची नाही. अलेखाइन 5-3 ने पुढे होता. समोर 1921 पासूनचा जगज्जेता होता, आणि त्याच्याइतका एंडगेमचा जाणकार त्या काळी शोधूनही सापडला नसता.

पन्नासाव्या खेळीपर्यंत वजिरांची मारामारी झाली. चोपन्नाव्या खेळीला अलेखाइनने हत्ती ए४ वर आणला. पांढऱ्याचा राजा जी२ वर, प्यादी ए५, एफ२, जी३ आणि एच४ वर. काळ्याचा राजा जी७ वर, हत्ती ए६ वर, प्यादी एफ७, जी६ आणि एच६ वर. दोन्ही हत्ती एकाच प्याद्याला चिकटलेले, पण त्यांच्या परिस्थितीत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पांढरा हत्ती ए-पट्टीवर मागे-पुढे सरकला तरी प्यादं सांभाळतो. काळा हत्ती ए६ वरून हलला की प्यादं पुढे सरकतं. थोडक्यात, पांढऱ्याकडे फुकटच्या खेळ्या आहेत आणि काळ्याकडे राजाच्या आणि प्याद्यांच्या मोजक्याच.

राजे मध्यभागी आले, काळ्याचं एच६ वरचं प्यादं एच५ वर सरकलं आणि राजे सी३-सी५ असे आमनेसामने उभे राहिले. अलेखाइनने शांतपणे हत्ती ए२ वर घेतला. ही खेळी मी मुलांना पुन:पुन्हा दाखवतो. काहीही धमकी नाही, फक्त ‘आता तू हल’. काळ्या राजाला बी५ वर जावं लागलं. अलेखाइनने घाई केली नाही. एकदा तीच स्थिती परत येऊ दिली आणि मग त्याचा राजा डी४, ई५, एफ४, जी५ करत थेट एच६ वर पोचला. प्यादं अडवायचं काम काळ्या राजाने ए६ वर जाऊन स्वतःकडे घेतलं आणि काळा हत्ती मोकळा झाला. पण आता राजाच्या बाजूची प्यादी राखायला एकटा हत्ती उरला होता.

शहात्तराव्या खेळीला कापाब्लांकाच्या हत्तीने ते ए५ वरचं प्यादं मारलं. ज्याच्यासाठी एवढा खटाटोप, ते असं गेलं! पण त्याची किंमत वसूल होऊन गेली होती. पुढच्या काही खेळ्यांत पांढऱ्याने एच५ आणि एफ७ वरची प्यादी उचलली. हत्तीसोबत एफ आणि एच अशी दोन प्यादी उरली तर बचाव करणाऱ्याला बरोबरीची चांगली आशा असते, हे खरं. पण त्यासाठी राजा त्या प्याद्यांसमोर हवा, आणि कापाब्लांकाचा राजा सी६ वर होता. ब्याऐंशीव्या खेळीला हत्ती ई७ वर बसला आणि ई-पट्टीची वाट बंद झाली. डाव तहकूब होता. कापाब्लांकाने तो पुढे न खेळता लेखी कळवून सोडून दिला.

पास्ड पॉन वजीर व्हायलाच हवा, हा हट्ट मी म्हणूनच सोडायला लावतो. त्याने प्रतिस्पर्ध्याचा कोणता मोहरा बांधून ठेवलाय, आणि तो मोहरा नसलेल्या बाजूला आपला राजा किती खेळ्यांत पोचतो, हे आधी मोजावं. पट असेल तर वरची चोपन्नाव्या खेळीनंतरची स्थिती मांडून बघा. काळ्याकडून खेळा आणि ए६ वरचा हत्ती हलवायचा प्रयत्न करा.