'म्हणजे' आणि 'ही'

सरकारी कचेरीत कारकुनाला कायदा शिकवायला कोणी येत नाही. फायली चाळता चाळता तो अंगवळणी पडतो. मी कला शाखेचा पदवीधर, शब्दांची गोडी. म्हणून कलमेही सावकाश वाचायची सवय लागली.

आपला १९८७ चा राजभाषा कायदाच घ्या. व्याख्येत 'म्हणजे' आले, की दार बंद. 'समावेश होतो' आले, की दार उघडे. कोकणी म्हणजे देवनागरी लिपीतील कोकणी, असे तेथे आहे. त्या एका शब्दाने रोमी लिपी उंबऱ्याबाहेर राहिली. पुढे, सर्व किंवा कोणत्याही सरकारी कामांसाठी मराठीही वापरली जाईल, अशी तरतूद आहे.

अर्थ लावण्याचा जुना नियम सांगतो, की कायद्यातला एकही शब्द फुकट गेला असे मानू नये. तेव्हा हा 'ही' पुसता येत नाही. मात्र 'किंवा'मुळे सरकारला मोकळीकही मिळते. 'कायद्यात मराठी नाहीच' म्हणणारे चुकतात, तसेच 'मराठी राजभाषाच आहे' म्हणणारे आमचे मित्रही. राजभाषा हे नाव कायद्याने कोकणीलाच दिले आहे.

मराठीत वाढलेल्या मला हे सलते. पण मनाला हवे ते कलमात वाचू लागलो, तर रोमीवाल्यांना कोणत्या तोंडाने 'म्हणजे' दाखवू? कायदा पटत नसेल तर बदलून मागावा, वाकवू नये. तोवर मराठी अर्जाला मराठीतून उत्तर लिहिताना कोणी हटकलेच, तर मी त्या 'ही'वर बोट ठेवतो.