बल्बच तर बदलायचाय!

जुन्या रेडिओच्या दुरुस्तीत सगळ्यात सोपं काम कोणतं, असं कुणी विचारलं की मी बिनदिक्कत सांगायचो, डायलचा बल्ब बदलणं. व्हॉल्व्ह तपासायला अनुभव लागतो, आयएफ जुळवायला धीर लागतो. बल्बचं काय? जुना काढायचा, नवा बसवायचा. या एका समजुतीपायी मी जेवढं नुकसान करून ठेवलं, तेवढं अवघड कामांत कधी केलं नाही. अवघड कामाला आपण सर्किट समोर ठेवून, घाबरतच बसतो. सोप्या कामाला मात्र एका हातात चहाचा कप आणि दुसऱ्या हातात स्क्रूड्रायव्हर.

पहिला पराक्रम ट्रान्सफॉर्मरवाल्या एका व्हॉल्व्ह सेटवर. डायल अंधारी, बल्ब गेलेला. होल्डरमध्ये दाबून जरासा फिरवला की अडकणारा तो बल्ब होता. जुन्या 6 व्होल्टच्या स्कूटरचा पार्किंगचा बल्ब नेमका त्याच मापाचा, आणि तसा एक माझ्या डब्यात पडलेला. टोपी सारखी, व्होल्ट जवळपास सारखे, मग अडलंय कुठे? बसवला. डायल अशी लखलखली की घरातले सगळे बघायला आले. काही संध्याकाळी त्या कौतुकात गेल्या आणि मग कॅबिनेटमधून करपट वास येऊ लागला. मागचं झाकण काढलं, तर बल्बमागचा पांढरा कागद तपकिरी पडलेला आणि सेल्युलॉइडच्या डायलपट्टीला बरोबर बल्बासमोर फुगवटा आलेला.

हिशेब तेव्हा केला. मूळ बल्ब 6.3 व्होल्ट, 0.15 अँपिअरचा, म्हणजे पुरता एक वॅटही नाही. स्कूटरचा बल्ब 4 वॅटचा, म्हणजे जवळजवळ 0.67 अँपिअर. उष्णता चौपट. शिवाय ज्या वाइंडिंगवर व्हॉल्व्हचे हीटर चालतात, त्याच वाइंडिंगवर हा जास्तीचा बोजा. मी व्होल्ट वाचले होते, अँपिअर वाचलेच नव्हते.

खरं तर वाचायची सोय बल्बातच असते. अमेरिकी पद्धतीच्या डायल-बल्बांत दोन नंबर नेहमीचे: 47 आणि 44. दोन्ही 6.3 व्होल्टचे, दोन्ही एकाच होल्डरमध्ये बसणारे. पण 47 घेतो 0.15 अँपिअर आणि 44 घेतो 0.25. त्यांचीच आट्यांची भावंडं म्हणजे अनुक्रमे 40 आणि 46. टोपीवरचा छाप पुसला गेला असेल तर बल्ब उजेडात धरायचा. फिलामेंटच्या दोन तारांना आत एक इवलासा काचेचा मणी धरून असतो. मणी तपकिरी असेल तर 0.15, निळा असेल तर 0.25. फिलामेंट तुटलं तरी मणी शाबूत असतो. माझा मणी तोवर कचऱ्याच्या गाडीतून गेला होता.

योग्य बल्ब मिळवून बसवला, तर तोही फार दिवस टिकला नाही. त्यानंतरचाही गेला. मी दुकानदाराच्या मालाला नावं ठेवत राहिलो. दोष निघाला सेटच्या पाठीवर. मेन्सचं टॅपिंग 220 वर लावलेलं आणि आमच्या घरात रात्री मीटर 240 दाखवत होता. म्हणजे 6.3 ऐवजी बल्बाला पावणेसात व्होल्टच्या वर मिळत होते. फरक नऊ टक्क्यांचा. पण फिलामेंटच्या बल्बाचं आयुष्य व्होल्टेजच्या साधारण बाराव्या घाताने घटतं. नऊ टक्के जास्त व्होल्टेज म्हणजे आयुष्य जेमतेम एक तृतीयांश. टॅपिंग 240 वर नेलं आणि बल्ब जाणं थांबलं. व्हॉल्व्हचे हीटरही इतके दिवस तोच मार खात होते, ते वेगळंच. बल्ब आपल्या परीने ओरडून सांगत होता, मी त्याला बदलून गप्प करत होतो.

सगळ्यात महाग पडली ती हुशारी. मामांनी अमेरिकेहून आणलेला टेबल रेडिओ, पाच व्हॉल्व्हचा, ट्रान्सफॉर्मर नसलेला. 12बीई6, 12बीए6, 12एव्ही6, 50सी5 आणि 35डब्ल्यू4. सगळ्यांचे हीटर दिवाळीच्या माळेसारखे एकामागे एक जोडलेले. बेरीज साधारण 123 व्होल्ट, त्यामुळे तिकडच्या मेन्सवर थेट चालणारे. आपल्याकडे तो 110 व्होल्टच्या स्टेप-डाउनवर चालवायचा. त्याचा 47 नंबरचा बल्ब गेला. तोवर स्कूटरच्या बल्बाने मला उष्णतेचा धडा शिकवलेला होता, म्हणून या वेळी थंड राहणारा, त्याच होल्डरमध्ये बसणारा एलईडी बल्ब लावला. वीज कमी, उष्णता नाही, आयुष्य भरपूर. स्वतःवर खूश होतो.

रेडिओ काही आठवडे छान वाजला आणि एका संध्याकाळी एकदम मुका झाला. माळ असल्यामुळे एक हीटर तुटला की सगळेच विझतात. मल्टिमीटर लावत गेलो, तर 35डब्ल्यू4 चा हीटर तुटलेला, तोही सगळा नव्हे. त्या व्हॉल्व्हच्या हीटरला मध्येच एक टॅप काढलेला असतो आणि टॅपपासून टोकापर्यंतच्या तुकड्याला डायलचा बल्ब समांतर जोडलेला असतो. त्या तुकड्यातून हीटरच्या माळेचा करंट तर जातोच, शिवाय रेक्टिफायरकडे जाणारा सेटचा करंटही जातो. बल्ब त्यातला मोठा वाटा स्वतःकडे घेतो. माझा एलईडी वाटा घेत नव्हता, नुसताच उजळत होता. सगळा भार त्या तुकड्यावर आला आणि तोच जळाला. म्हणजे हा बल्ब शोभेचा नव्हताच, सर्किटचा भाग होता. अशा सेटमध्ये बल्ब गेला तरी रेडिओ वाजत राहतो. ‘वाजतोय ना, बल्ब बघू नंतर’ असं म्हणणाऱ्याचाही रेक्टिफायर त्याच वाटेने जातो.

याच रेडिओने त्याआधी मला एक सणसणीत झटकाही दिला होता. बल्ब नीट बसला नव्हता म्हणून चालू सेटमध्येच होल्डर हलवायला गेलो. ट्रान्सफॉर्मर नसलेल्या सेटची चासी मेन्सच्या एका तारेला जोडलेली असू शकते, हे वाचून माहीत होतं. पण स्टेप-डाउन आहे म्हणजे आपण सुरक्षित, असं मनाशी धरलं होतं. बाजारात मिळणारे बरेचसे स्टेप-डाउन ऑटोट्रान्सफॉर्मर असतात. ते व्होल्टेज उतरवतात, पण मेन्सपासून वेगळं करत नाहीत.

एक फजिती जपानी बनावटीच्या, सत्तरच्या दशकातल्या स्टिरिओ रिसीव्हरची. त्याचे डायलचे बल्ब दिसायला हुबेहूब काचेच्या फ्यूजसारखे, दोन टोकांना धातूच्या टोप्या, क्लिपमध्ये बसणारे. टोपीवर 8 व्होल्ट, 0.25 अँपिअर. तो नमुना मी काउंटरवर ठेवला, समोरच्याने तसलाच दिसणारा 250 मिलिअँपिअरचा फ्यूज हातावर ठेवला, आणि मी तो मुकाट्याने बसवला. फ्यूज तत्क्षणी उडाला. एवढ्यावर थांबायचं, तर मी त्याहून मोठा फ्यूज बसवला. ट्रान्सफॉर्मर घुमायला लागला तेव्हा कुठे लक्षात आलं, की मी बल्बाच्या जागी सरळ शॉर्ट लावून बसलोय. स्विच वेळेवर बंद झाला, ट्रान्सफॉर्मर वाचला. यात दुकानदाराचा दोष नाही. ‘बल्ब’ हा शब्द मी उच्चारलाच नव्हता.

इथवरचं सगळं भरून निघालं. बल्ब मिळाले, 35डब्ल्यू4 मिळाला. एक चूक मात्र तशीच राहिली. दुसऱ्याच एका सेटचा बल्ब बदलताना डायलची काच बाहेर काढली होतीच, तर म्हटलं पुसून घेऊ. पुढची बाजू झाली, मागची बाजू मेणचटलेली होती म्हणून कापसावर आयसोप्रोपिल घेतलं. एकच हात फिरवला. कापूस सोनेरी झाला आणि काचेवरचं सिलोन गेलं. स्टेशनांची नावं काचेच्या मागच्या बाजूला छापलेली असतात आणि इतक्या वर्षांनी ती शाई नुसती टेकलेली असते. कोरड्या मऊ ब्रशने धूळ झाडायची, अक्षरांना ओलं काही लावायचं नाही, हे मला आता तोंडपाठ आहे. तो सेट आजही पुण्याचं 792 स्वच्छ पकडतो. सिलोनच्या जागी कोरी काच उजळते.

एलईडीशी माझं वैर नाही. ट्रान्सफॉर्मरच्या सेटमध्ये, जिथे बल्ब खरोखर फक्त उजेडासाठी आहे, तिथे तो चालतो आणि जुन्या डायलपट्टीचा ताप वाचवतो. मात्र साधा एलईडी एसीवर सेकंदाला 50 वेळा लुकलुकतो, म्हणून आत ब्रिज रेक्टिफायर असलेला घ्यावा. आणि पांढराशुभ्र न घेता पिवळसर घ्यावा, नाहीतर हिरव्या-निळ्या फिल्टरमागे डायलचा मूळ रंग हरवतो. पण आधी सर्किट पाहावं. बल्बाच्या दोन तारा ट्रान्सफॉर्मरकडे जातात की व्हॉल्व्हच्या पिनेकडे, एवढं शोधलं तरी अर्धं काम झालं.

घरात आजोबांचा रेडिओ असेल आणि त्याची डायल अंधारी असेल, तर एवढं करा. आधी प्लग भिंतीतून काढा, मग हात घाला. जुना बल्ब फेकू नका, खिशात घालून दुकानात न्या आणि व्होल्टबरोबर अँपिअरही सांगा. नवा बल्ब लवकर गेला तर तिसरा आणण्याआधी सेटच्या पाठीवरचं टॅपिंग बघा. आणि काच पुसायचा मोह झालाच, तर दुसऱ्या कुणाच्याही हातात कापूस देऊ नका, स्वतःच्याही घेऊ नका.