श्रावणातला सूर्य

अंतराळवीर येणार, असा निरोप पुतणीने मोबाइलवर धाडला होता. सोबत एका फलकाचा फोटो. फलक पावसात भिजलेला आणि फोटो चालत्या गाडीतून काढलेला, त्यामुळे वाचता आलं ते एवढंच: विजयदुर्ग, १८ ऑगस्ट, हेलियम दिन, आणि त्याखाली ठळक अक्षरांत ‘अंतराळवीर’. पुढेही एक-दोन शब्द होते, पण त्यांची शाई ओघळून गेली होती.

२०२४ साली १८ ऑगस्टला रविवार आला होता आणि सोमवारी नारळी पुनव. मी मुंबईहून मालवणला आलो होतो तो तिच्यासाठी. काकू सकाळी साडेपाचला चहा गाळता गाळता म्हणाली, “उद्या पुनव आणि आज तू खंय चललंस?” अंतराळवीर बघायला म्हटल्यावर तिने भांडं खाली ठेवलं. “हयसर? ह्या पावसात?” मग जरा थांबून, “छत्री घेऊन जा.”

राकेश शर्मा ‘सोयुझ टी-११’मधून वर गेले, ३ एप्रिल १९८४ला, तेव्हा मी चौथीत होतो. त्यांचं आणि इंदिरा गांधींचं बोलणं आम्ही रेडिओवर ऐकलं. त्यानंतर वर्षभर आमच्या वर्गातल्या निम्म्या मुलांना अंतराळवीर व्हायचं होतं. आता त्यातला एक ट्रॉलर चालवतो, दोघे बँकेत आहेत आणि मी लेख लिहितो. तेव्हा एखादा तरी खराखुरा अंतराळवीर डोळ्यांनी बघावा, ही हौस मनात होतीच.

आचऱ्यावरून मिठबावच्या बाजूने देवगडकडे जाणारा रस्ता श्रावणात बघावा. लावणी आटोपलेली, भाताची रोपं हातभर वर आलेली, मळ्यांत पाणी आणि पाण्यात ढग. चढण संपली की सडा. उन्हाळ्यात काळाकभिन्न, पाय भाजणारा कातळ तो हाच, हे सांगून खरं वाटू नये इतकं बारीक गवत आणि त्यात सीतेच्या आसवांची निळीजांभळी नक्षी. खिडकीची काच खाली केली तर पाऊस आत येतो आणि वर ओढली तर धुकट होते. मी ती सारखी वरखाली करत होतो आणि शेजारच्या बाई माझ्याकडे बघून तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणत होत्या.

देवगडला रिक्षा केली. कुठे जायचं ते सांगताच रिक्षावाला मागे वळला. “कार्यक्रमाक? ह्या वर्षी अंतराळवीर येतलो म्हणतत.”

“कोण?”

“नाव नाय म्हायत. पण ती सुनीता नाय. ती वरतीच अडाकली हा.”

तेव्हा सगळ्यांच्या तोंडी तेच होतं. सुनीता विल्यम्स आणि बुच विल्मोर ५ जूनला बोइंगच्या ‘स्टारलायनर’ यानातून अंतराळस्थानकावर गेले, ते सुमारे आठ दिवसांसाठी. अडीच महिने होत आले तरी त्यांना त्याच यानातून परत आणायचं की नाही, हे ठरत नव्हतं. यानाची दिशा सांभाळणारी काही छोटी इंजिनं बिघडली होती आणि हेलियम गळत होता. इंधन टाकीतून इंजिनाकडे ढकलायला दाब लागतो, आणि तो दाब हेलियम देतो. तो स्वतः जळत नाही, कशाशी संयोग पावत नाही, म्हणून हे काम त्याच्याकडे. शिवाय त्याचे अणू इतके बारीक की जिथून दुसरा वायू जाणार नाही अशा फटीतूनही तो निसटतो. रिक्षावाल्याने हे सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “म्हणजे पंक्चर?”

तोंडातून शब्द निघायला नि व्हायला एकच गाठ पडली. पडेल कॅन्टीन जेमतेम एक किलोमीटर राहिलेलं असताना मागचं चाक बसलं. स्टेपनी काढली, तर तिच्यातही हवा नाही. आम्ही दोघे पावसात उभे. शेवटी मासळीचा एक टेम्पो आला आणि मी बर्फाच्या पेटीवर बसून पुढे निघालो. बंदी उठून मोसम सुरू झालेला, पेट्या भरलेल्या, आणि खालून येणारा गारवा मणक्यात चढत जाणारा. पडेल कॅन्टीनला चहा घेतला. तिथेच भिंतीवर तो फलक होता, छपराच्या आडोशाला, म्हणून न भिजलेला. ‘व्याख्यान: अंतराळवीर आणि हेलियम’ एवढं त्यावर स्वच्छ वाचता येत होतं.

परत फिरावं असं क्षणभर वाटलं खरं. पण टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता.

विजयदुर्गाचं वर्णन करायचं तर शिलाहारांपासून सुरुवात करावी लागते आणि मग पान पुरत नाही. जुनं नाव घेरिया. शिवाजी महाराजांनी तो आदिलशाहीकडून घेतला, पुढे आंग्र्यांनी त्याच्या बळावर पश्चिम किनारा धाकात ठेवला, आणि १७५६च्या फेब्रुवारीत वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी समुद्रातून, पेशव्यांच्या फौजेने जमिनीवरून तो तुळाजी आंग्र्यांकडून काढून घेतला. आपलंच आरमार बुडवायला आपणच इंग्रजांना हाताशी धरलं, हे वाक्य मी दर वेळी या दरवाजात स्वतःशी म्हणतो आणि दर वेळी तितकंच लागतं. पाण्याखालच्या भिंतीची गोष्ट गाइड सांगतीलच. मी सरळ कट्ट्यांकडे निघालो.

गावात त्यांना ‘साहेबाचे कट्टे’ म्हणतात. दुर्बिणी ठेवायला बांधलेले चौथरे. पावसाळ्यात शेवाळ चढून हिरवे झालेले, भोवती गवत. इतकंच. ज्याला काही ठाऊक नाही तो त्यांच्यावर डबा उघडून बसेल. त्यांच्याभोवती त्या दिवशी पन्नासेक छत्र्या होत्या, बहुतेक शाळेतल्या मुलांच्या. प्रास्ताविकात कुणीतरी सांगत होतं की १८ ऑगस्ट १८६८ रोजी नॉर्मन लॉकियर या साहेबाने याच कट्ट्यांवरून खग्रास सूर्यग्रहण पाहिलं आणि हेलियमचा शोध लावला; म्हणून हा दिवस.

माझ्या छत्रीत एक म्हातारे गृहस्थ शिरले होते. जन्म होडीत गेलेला, हे त्यांच्या हातांवरून कळत होतं. ते माझ्या कानाशी म्हणाले, “ह्या पावसात सायब सूर्य बघूक इलो? आमका आठ दिवस कपडे सुकवूक सूर्य गावना नाय.”

मी हसलो. ग्रंथालयात बसून जे मला दोन दिवसांत सापडलं होतं, ते या माणसाने आभाळाकडे एकदा बघून सांगितलं होतं.

लॉकियर १८६८ साली हिंदुस्थानात नव्हतेच. लंडनला युद्धखात्यात कारकून होते आणि फावल्या वेळात सूर्याच्या मागे लागलेले होते. ऑगस्टचं ग्रहण बघणारे होते ते गुंटूरला ज्यूल्स जान्सेन, मछलीपट्टणला पॉगसन, विजापूरला हेग आणि पटवर्धनांच्या जमखंडीला धाकटे जॉन हर्शेल, तेही ढगांच्या फटींतून. ग्रहणात सूर्याच्या कडेवर दिसणाऱ्या तांबूस ज्वाळा म्हणजे तप्त वायू आहेत, हे वर्णपटातल्या उजळ रेघांवरून त्यांना कळलं. जान्सेननी दुसऱ्याच दिवशी ग्रहण नसतानाही त्या रेघा पाहिल्या. तिकडे लॉकियरनी आपलं नवं उपकरण हाती येताच २० ऑक्टोबरला तेच केलं, लंडनच्या आभाळाखालून आणि ग्रहणाशिवाय. दोघांची पत्रं फ्रेंच अकादमीत एकाच बैठकीत वाचली गेली, आणि पुढे फ्रेंच सरकारने दोघांचे चेहरे असलेलं एक पदकही पाडलं. त्या रेघांत एक पिवळी होती, ती सोडियमची नव्हती. पृथ्वीवरच्या कुठल्याच ज्ञात मूलद्रव्याशी ती जुळेना, तेव्हा सूर्याच्या ग्रीक नावावरून तिच्या धन्याला ‘हेलियम’ म्हटलं गेलं. सत्तावीस वर्षं ते मूलद्रव्य फक्त सूर्यावर होतं, आणि कित्येक रसायनशास्त्रज्ञांच्या मते तिथेही नव्हतं. १८९५ साली विल्यम रॅमझेंना ते एका युरेनियमयुक्त खनिजात सापडलं.

मग कट्टे कोणाचे? लॉकियरांचेच, पण २२ जानेवारी १८९८चे. त्या दिवसाच्या खग्रास ग्रहणाची सावली महाराष्ट्रावरून तिरकी गेली. करमाळ्याजवळच्या जेऊरला पुण्याच्या सायन्स कॉलेजातले कावसजी दादाभाई नायगमवाला आणि अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे लोक तळ देऊन होते, पुलगावला न्यूऑल होते, आणि सावली जिथे जमिनीला टेकली त्या विजयदुर्गावर एकसष्ट वर्षांचे सर नॉर्मन लॉकियर. बरोबर ‘मेल्पोमिनी’ या युद्धनौकेचे खलाशी, ज्यांना कॅमेऱ्याची पट्टी कधी सरकवायची, सेकंद कसे मोजायचे, याची कवायत करून घेतली होती. खग्रास अवस्था दोनेक मिनिटांची. जानेवारीचं कोकण, निरभ्र आभाळ. ज्या वायूचं नाव घेऊन लोकांनी हा माणूस वेडा ठरवला होता, तो तीनच वर्षांपूर्वी बाटलीत सापडलेला. मला तर ही खरी गोष्ट दंतकथेपेक्षा कितीतरी चांगली वाटते, आणि ती कुणी सांगत नाही याचं वाईट वाटतं.

प्रास्ताविक संपलं आणि वक्ते उठले. पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालेले, चपला हातात घेतलेले, पँट पोटरीपर्यंत दुमडलेली. पुढच्या रांगेतल्या एका मुलाने आधीच हात वर केला. “सर, तुम्ही अंतराळात गेला होता?”

“नाय रे. मी कोल्हापूरच्या पलीकडे मुक्काम केलेलो नाय.”

त्यांनी भाषण केलंच नाही. पिशवीतून शाळेतला स्पिरिटचा दिवा काढला, कागदात बांधलेलं जाडं मीठ काढलं आणि एक चपलेचं खोकं. खोक्याच्या एका बाजूला ब्लेडने कापलेली बारीक फट, आत तिरकी बसवलेली जुनी सीडी, वर डोळा लावायला भोक. काड्यापेटी सर्दलेली. पहिली काडी पेटलीच नाही, दुसरी पेटली आणि वाऱ्याने गेली. मग मुलांनी छत्र्या आडव्या करून कट्ट्याभोवती कोट केला आणि पाचव्या काडीला दिवा लागला. ओली तार मिठात बुडवून त्यांनी ज्योतीत धरली. निळसर, दिसेल न दिसेल अशी ज्योत एकदम पिवळी झाली, हळदीच्या पाण्यासारखी, आणि भोवतीचे सगळे चेहरे आजारी माणसाचे दिसू लागले. मुली हसायला लागल्या.

“आता आत बघा. एक पिवळी रेघ दिसतली. ती मिठातली. हेलियमची हिच्या शेजारीच, केसभर बाजूला. ह्या खोक्यात वेगळी दिसायची नाय. सायबाचं खोकं बरं होतं, म्हणून त्याला दिसली.”

माझी पाळी आली तेव्हा मी डोळा लावला. आधी अंधार, मग ओल्या पुठ्ठ्याचा वास, मग डोकं जरा डावीकडे झुकवल्यावर रेघ. अशी कोरीव की बाहेरच्या पावसाचा आणि तिचा काही संबंध असेल असं वाटेना.

मग त्यांनी हेलियमच्या गळतीचं सांगितलं. टाकी, दाब, इंजिन, आणि वर अडकलेली दोन माणसं. मघाचाच मुलगा पुन्हा उठला. पायांत गमबूट, अंगात मोठ्या भावाचा रेनकोट. “सर, हेलियम आपल्या विजयदुर्गाक गावला ना? मगे हयसून धाडूया मा त्येंका.”

सगळे हसले. सर हसले नाहीत. हेलियम खाणीत सापडला नव्हता, सूर्याच्या उजेडात सापडला होता, हे त्यांनी त्याला पुन्हा पहिल्यापासून समजावलं. त्याने मान हलवली, पण चेहऱ्यावरून त्याचा प्रस्ताव कायम असावा.

चहाच्या वेळी मी सरांना गाठलं आणि १८६८चं विचारलं. त्यांना सगळं ठाऊक होतं, नायगमवालांसकट. “मग सांगितलं का नाही?”

“बावीस जानेवारीला बोलवा, तेव्हा सांगेन, असं मी म्हणत असतो. जानेवारीत कोणी बोलवत नाही.” कपातली साय बोटाने बाजूला करत ते म्हणाले, “आणि आज सांगितलं असतं तर ती पोरं दिवा बघायला थांबली नसती. साहेब इथे आलाच नव्हता, म्हणत घरी गेली असती.”

हे मला पटलं नाही, अजून पटत नाही. मुलं दोन्ही गोष्टी पेलू शकली असती. पण पावसात पाच काड्या ओढलेल्या माणसाशी वाद घालायला मी धजलो नाही. आम्ही एकमेकांचे नंबर घेतले.

परतताना देवगडला तोच रिक्षावाला उभा होता. चाक नीट झालं होतं. “इलो अंतराळवीर?” मी नाही म्हटलं. तो म्हणाला, माकाय वाटतच होता. रात्री मालवणला पोचलो तर बंदरावर उद्याच्या तयारीची लगबग चालली होती, ढगांआडून चंद्र येत-जात होता, आणि काकूने छत्री वाळत घालता घालता अंतराळवीर कसा होता ते विचारलं. मी मिठाच्या ज्योतीचं सांगितलं. ती म्हणाली, ता आमी गॅसवर रोज बघतंव.

‘स्टारलायनर’ ७ सप्टेंबरला उतरलं, रिकामं. सुनीता विल्यम्स वरच राहिल्या. आठ दिवसांचे २८६ झाले. १९ मार्च २०२५च्या पहाटे, आपल्याकडे साडेतीनच्या सुमाराला, त्या स्पेसएक्सच्या कुपीतून फ्लोरिडाजवळच्या समुद्रात उतरल्या. सकाळी मोबाइल बघितला तर सरांचा निरोप येऊन पडला होता. गमबूटवाल्या मुलाने त्यांना शाळेत जाता जाता रस्त्यात थांबवून बातमी दिली होती, ती त्यांनी त्याच्याच शब्दांत पाठवली होती:

“सर, ती इली. दुसऱ्या गाडीन.”