गाडी सुटली

कर्जत ते लोणावळा हा लोहमार्ग २८ किलोमीटरचा. खेळण्यातल्या नव्हे, तर नमुन्याच्या रेल्वेत 'एचओ' नावाचे एक प्रमाण जगभर चालते. त्यात प्रत्येक वस्तू खऱ्याच्या ८७व्या भागाएवढी करतात. त्या हिशेबाने हा घाट सुमारे ३२२ मीटर लांब होईल. रामला शहरातल्या एका बेने इस्राएल घरात मात्र त्यासाठी मिळालेली जागा होती २ मीटर ४० बाय १ मीटर २० सेंटिमीटरचे एक टेबल, तेही आजीने पाहुण्यांसाठी राखलेल्या खोलीत.

घरातला पंधरा वर्षांचा नातू मराठीच्या वर्गाला येतो. वर्गात सर्वांना एकच काम दिले होते : घरातल्या वडीलधाऱ्या माणसाने भारतात कोणते काम केले, त्यावर मराठीत दहा ओळी लिहा. त्याच्या दोनच ओळी झाल्या. 'माझे आजोबा रेल्वेत होते. ते घाटात काम करत होते.' पुढे काही सुचेना, कारण आजोबा पुढे काही सांगतच नव्हते. इथे आल्यावर त्यांची उरलेली नोकरी कारखान्यात गेली. घाटाचा विषय निघाला की 'होतो सांधेवाला, त्यात काय सांगायचं?' एवढे म्हणून ते पेपर उघडत.

मुलाला संगणकाची आवड. त्याने एक्सट्रॅककॅड नावाचा फुकट मिळणारा प्रोग्राम उतरवून घेतला. त्यात टेबलाचे माप टाकायचे आणि निरनिराळ्या कंपन्यांच्या रुळांच्या यादीतून सरळ तुकडे, वळणे, सांधे उचलून पडद्यावर मांडायचे. तुकड्यांची टोके जुळली नाहीत तर ते दिसते. वळणाची त्रिज्या किती, लांबी किती, कोणत्या ठिकाणी रूळ किती उंचीवर आहे, हे सगळे आकड्यांत कळते. एक पैशाचा रूळ विकत न घेता दहा आराखडे काढावेत आणि नऊ पुसून टाकावेत, ही त्याची खरी सोय.

पहिला आराखडा एका संध्याकाळी तयार झाला. समोरच्या बाजूला खाली कर्जत, त्याच्या मागे उंचावर खंडाळा. एका रुळावरून दुसरा रूळ न्यायचा तर मधे ८ सेंटिमीटर तरी उंची हवी. मुलाने तो सगळा चढ मागच्या १२० सेंटिमीटरच्या सरळ भागात बसवला आणि पडद्यावर गाडी सोडली. गाडी झरझर वर गेली. आजोबा चहाचा कप घेऊन मागे उभे होते. ते हसले.

"अरे, ही गाडी डोंगराला विचारतच नाही. घाटाचा चढ सदतिसाला एक. तुझा किती आहे?"

मुलाला प्रश्नच कळला नाही. आजोबांनी सांगितले : सदतीस फूट पुढे गेलास की एक फूट वर चढायचे, याला म्हणतात सदतिसाला एक. बोर घाटाचा लोहमार्ग १८६३ साली सुरू झाला, तेव्हापासूनचा हा आकडा. प्रोग्राम चढ टक्क्यांत दाखवतो. मुलाने भागाकार केला : २.७ टक्के. त्याचा स्वतःचा चढ होता ६.७ टक्के, म्हणजे पंधराला एक. पडद्यावरच्या गाडीला वजन नसते, म्हणून ती चढली. टेबलावरचे इंजिन डबे ओढताना चाके फिरवीत जागच्या जागी राहिले असते. खऱ्या घाटातसुद्धा कर्जतला गाडीच्या मागे जादा इंजिने जोडून तिला रेटा द्यावा लागतो.

मग दोघांनी कागदावर हिशेब मांडला. सदतिसाला एक या मानाने ८ सेंटिमीटर चढायला २ मीटर ९६ सेंटिमीटर रूळ लागतो, आणि टेबल २ मीटर ४०चे. म्हणजे घाटाच्या इंजिनियरांनी केले तेच करायचे, वळसा घ्यायचा. ५० सेंटिमीटर त्रिज्येची दोन अर्धवर्तुळे आणि मागचा सरळ भाग मिळून ४ मीटर ३४ सेंटिमीटर झाले. त्यात ११ सेंटिमीटरच्या वर उंची मिळते. चढ एकदम सुरू करून चालत नाही, दोन्ही टोकांना तो हळूहळू वळवावा लागतो. त्यात थोडी उंची गेली तरी खंडाळा कर्जतच्या डोक्यावर आरामात बसले. घाटाची खरी उंची, १,८३१ फूट, प्रमाणात धरली असती तर खंडाळा वरच्या शेजाऱ्यांच्याही वर, ६ मीटर ४० सेंटिमीटरवर गेले असते.

डबा मांडल्यावर आजोबांच्या नजरेला आणखी एक गोष्ट आली. "रूळ अरुंद दिसतात." त्यांचे बरोबर होते. एचओचे रूळ एकमेकांपासून १६.५ मिलिमीटर असतात. इस्राएलच्या १,४३५ मिलिमीटर रुंदीच्या लोहमार्गाला ते तंतोतंत जुळतात. भारताचा मोठा मार्ग १,६७६ मिलिमीटरचा, म्हणजे नमुन्यात तो १९ मिलिमीटरपेक्षा थोडा जास्त हवा. तसे रूळ दुकानात तयार मिळत नाहीत. आजोबा म्हणाले, "असू दे. भारतातून इथं आलेली गाडी इथल्याच रुळांवर चालायची."

आराखडा आता नीट दिसत होता. सगळे तुकडे जुळलेले, चढ बरोबर. पण आजोबा त्याकडे बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "आणि उतरताना गाडी सुटली तर?"

मुलगा म्हणाला, "सुटली म्हणजे निघाली ना, आजोबा? वर्गात शिकलो."

"ती फलाटावरची. घाटातली निराळी."

शुक्रवारची संध्याकाळ जवळ आली होती. संगणक बंद झाला. पुढचे सगळे शब्बाथच्या दुपारी झाले, जेव्हा पडदा नव्हता, पेन्सिल नव्हती, नुसते बोलणे होते. आजोबांनी सांगितले, घाटातून खाली येणाऱ्या मार्गावर ठरावीक जागी एक फाटा असतो. तो मुख्य रुळासारखा खाली उतरत नाही, डोंगराच्या अंगाला वर चढतो आणि तिथेच संपतो. त्याला कॅच सायडिंग म्हणतात. सांधा नेहमी त्या फाट्याकडेच वळवलेला असतो. उतरणाऱ्या गाडीने आधी पुरते थांबायचे. थांबली, म्हणजे ब्रेक शाबूत आहेत हे कळले. मगच सांधा मुख्य रुळाकडे फिरवायचा आणि तिला वाट द्यायची. जी थांबू शकत नाही ती आपोआप फाट्यावर जाते, आणि चढच तिला धरतो.

एका पावसाळी रात्री एक मालगाडी थांबली नाही. आजोबा कंदील घेऊन उभे होते. काळोखात चाकांचा आवाज वाढत गेला, गाडी समोरून गेली, फाट्यावर चढली आणि थांबली. कोणाला काही झाले नाही. पण तोवरच्या क्षणांत आपण सांधा नक्की कुठे वळवलेला आहे, हे त्यांना आठवेना. ते तेव्हा बावीस वर्षांचे होते. हे त्यांनी आजीलाही कधी सांगितले नव्हते. आजी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती.

शब्बाथ संपल्यावर मुलाने संगणक उघडला. वळणाच्या आतल्या जागेत त्याने बाजार आणि एक तळे काढले होते, ते दोन्ही पुसले. मागच्या सरळ भागात एक सांधा बसवला आणि ८० सेंटिमीटरचा फाटा वर चढवला. प्रोग्रामने तो मान्य केला. तो नसता तरीही आराखडा त्याने तसाच मान्य केला असता, कारण टोके जुळतच होती.

आता टेबलावर खरे रूळ दुसऱ्या वळणापर्यंत पोहोचले आहेत. फाटा सर्वांत आधी बसवला. त्याचा सांधा आजोबा स्वतः फिरवतात, दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाहीत. दहा ओळींच्या जागी मुलाने दोन पाने लिहिली आणि वर्गात वाचून दाखवली. 'सुटणे' या शब्दाचे दोन अर्थ त्याने फळ्यावर लिहिले, तेव्हा मागच्या बाकावरच्या दोन आजींनी तिसराही सांगितला : कोडे सुटते.

वर्गातल्या इतर मुलांनाही हे करता येईल. रेल्वेच हवी असे नाही. कोणाच्या घरी गिरणीतले लोक आहेत, कोणाच्या घरी गोदीतले, इस्पितळातले, शाळेतले. त्या जागेचा नकाशा काढा, कागदावर किंवा पडद्यावर, आणि त्यांच्यासमोर ठेवा. 'काही सांगा' म्हटले की ही माणसे गप्प बसतात. नकाशात एखादी गोष्ट चुकलेली दिसली की लगेच बोलू लागतात.